यंत्राला ‘कळलं’ म्हणण्याआधी

विज्ञानावरचे लेख मराठीत आणताना मला संज्ञा फारशा अडवत नाहीत. पेशी, रेणू, गुरुत्वीय लहरी, सगळ्यांची काही ना काही सोय होते. अडवतात ती क्रियापदं. गेल्या उन्हाळ्यात एका मासिकासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा लेख करत होतो आणि एका क्रियापदापाशी दोन दिवस नुसता बसून राहिलो. ते क्रियापद होतं ‘ग्रॉक’.

आज हा शब्द ऐकला की बहुतेकांना एलॉन मस्क यांच्या कंपनीचा चॅटबॉट आठवतो. पण त्याचं वय त्याहून बरंच जास्त आहे. रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकी लेखकाने १९६१ साली ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्यासाठी हा शब्द घडवला. शब्द इंग्रजीत आला, पण इंग्रजी शब्द म्हणून आला नाही. कादंबरीत तो मंगळवासीयांच्या भाषेतला आहे. माणसाच्या पोटी जन्मलेला, पण मंगळावर तिथल्या रहिवाशांनी वाढवलेला एक तरुण पृथ्वीवर आणला जातो. त्याच्या तोंडी हा शब्द सतत येतो आणि आजूबाजूच्या माणसांना त्याचा अर्थ नीट लागत नाही. शब्दशः अर्थ आहे ‘पिणं’. पण एखादी गोष्ट इतकी समजणं, की समजणारा आणि समजलेलं यांच्यातली रेघच पुसली जावी, हाही त्याचा अर्थ आहे. प्रेम करणं त्यात येतं, द्वेष करणंसुद्धा येतं.

पिण्याचाच शब्द का निवडला असावा, हे कादंबरी वाचताना आपोआप ध्यानात येतं. मंगळ कोरडा आहे. तिथे पाणी दुर्मिळ, म्हणून कुणाबरोबर पाणी वाटून पिणं हा तिथला सर्वांत मोठा विधी. एका पेल्यातलं पाणी दोघांनी घेतलं की ते ‘जलबंधू’ होतात आणि मग एकमेकांशी दगा करणं कल्पनेतही बसत नाही. रुग्णालयातली एक परिचारिका या तरुणाला साधा पाण्याचा पेला देते. तिच्या लेखी ती रोजची गोष्ट असते, त्याच्या लेखी जन्माचं नातं जुळलेलं असतं.

अमेरिकी वाचकाला हा विधी कल्पकतेचा खेळ वाटला असेल. आपल्याला तसा वाटायला नको. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, यावर इथे शतकानुशतकं माणसांची किंमत ठरली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतलं, ते काही तहान भागवण्यासाठी नव्हतं. एका पाणवठ्यावर पिणारी माणसं एकमेकांना माणूस म्हणून ओळखतात, हे तिथे कृतीने मांडलं गेलं. पाणी आणि एकमेकांना जाणणं यांचा संबंध समजून घ्यायला आपल्याला मंगळापर्यंत जावं लागत नाही. ‘ग्रॉक’ या शब्दाविषयी मला पहिल्यापासून जिव्हाळा वाटला तो यामुळे. बाहेरून आलेला शब्द घरातल्या एका जुन्या, दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो आहे, असं वाटलं.

मग या शब्दाला मराठीत काय म्हणावं? पहिला हात गेला तो ‘आकलन’कडे. पण आकलनात मोजण्या-हिशेबाचा अंश आहे. संकलन, विकलन, गणितातलं कलन, सगळे याच धातूचे शब्द. ‘बोध’ सुंदर आहे, पण त्याच्या मुळाशी जागं होणं आहे. बुध् म्हणजे जागणं, म्हणून बुद्ध म्हणजे जागा झालेला. ‘ग्रहण’मध्ये हाताने धरणं आहे. इंग्रजीतला ‘कॉम्प्रिहेन्ड’ही लॅटिनमधल्या धरण्याच्या शब्दावरूनच आलेला आहे. धरणं, मोजणं, जागं होणं, या सगळ्यांत जाणणारा आणि जाणलेलं शेवटपर्यंत वेगवेगळे राहतात. हाइनलाइनच्या शब्दात ते वेगळे राहत नाहीत. प्यालेलं पाणी परत वेगळं काढून दाखवता येत नाही.

उत्तर सापडलं ते ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात. ही कथा कशी ऐकावी, हे ज्ञानदेव श्रोत्यांना सांगतात. शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिल्लं मऊ मनाने वेचून घेतात, तसं ऐका, म्हणतात. आणि पुढची ओवी: ‘तियापरी श्रोतां । अनुभवावी हे कथा । अति हळुवारपण चित्ता । आणूनियां ॥’ इथे ऐकणं म्हणजे चांदणं पिणंच आहे. आणि क्रियापद आहे ‘अनुभवणं’. अनुभवमध्ये ‘भू’ आहे, म्हणजे होणं. अनुभव म्हणजे एखाद्या गोष्टीमागोमाग आपणही तसं होत जाणं. १२९० सालच्या या ग्रंथात श्रोत्याकडून जी अपेक्षा केली आहे, तीच हाइनलाइनने जवळपास पावणेसातशे वर्षांनी एका परग्रहवासीयाच्या तोंडी घातली. त्याला ती परग्रहावर न्यावी लागली, कारण इंग्रजीत तिच्यासाठी रोजच्या वापरातला शब्द त्याला दिसला नसावा. तुकोबांनी तर मीठ आणि पाणी घेऊनच हे सांगितलं: ‘लवण मेळवितां जळें । काय उरलें निराळें’.

आपल्या रोजच्या बोलण्यातही हे भान ठायी ठायी आहे. गोष्ट पचनी पडते, अंगी मुरते, हाडीमासी खिळते. न शिकणाऱ्याला आपण पालथा घडा म्हणतो, तिथेही पाणीच आहे आणि ते आत जात नाही ही तक्रार आहे. आणि ‘कळतं पण वळत नाही’ या चार शब्दांत जो भेद आहे, तो दाखवायला इतर भाषांना परिच्छेद खर्चावा लागेल. वळणं म्हणजे दिशा बदलणं, वळण लागणं, लाडू वळतात तसा आकार येणं. आपल्याकडे कळण्याची परीक्षा वळण्यात होते.

याहून खोल गोष्ट व्याकरणात आहे. ‘मी शिकलो’, ‘मी पाठ केलं’, ‘मी जाणतो’ यांत कर्ता ‘मी’. पण ‘मला कळलं’, ‘मला उमगलं’, ‘मला सुचलं’, ‘मला आवडलं’, ‘मला आठवलं’ यांत तो ‘मला’ होतो. शिकणं मी करतो, कळणं माझ्याकडे येतं. अभ्यास माझ्या हातात, उमगणं नाही. नुसत्या ‘ला’ या प्रत्ययावर फार भार टाकता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. गाडीलाही पेट्रोल लागतं. पण कळणं, उमगणं, सुचणं, आठवणं या कुळातल्या क्रियापदांना समोर असं कुणीतरी लागतं, ज्याच्याबाबतीत ती घटना घडते, ज्याला ती गोष्ट कळण्याआधीचा आणि कळल्यानंतरचा असे दोन काळ असतात. म्हणून ‘दगडाला कळलं’ हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात बरोबर ठरलं तरी कानाला खटकतं.

‘एआयला सगळं कळतं’ हे वाक्य मात्र आता खटकेनासं झालं आहे. बातम्यांत, जाहिरातींत, पालकसभांत, कीर्तनाच्या निरूपणातसुद्धा मी ते ऐकलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हे क्रियापद इतक्या सहज देऊ नये, आणि मराठीत लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्या प्रत्येकाने तिथे थोडं थांबावं.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की भाषा नेहमीच शब्द ताणत आली आहे. घड्याळ चालतं, त्याला पाय कुठे असतात? ताणणं मलाही मान्य आहे. घड्याळ चालतं म्हटल्याने कुणी त्याला बूट घेऊन देत नाही, ताणलेला शब्द तिथे कुणाची फसवणूक करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल: यंत्र घोकंपट्टीच्या पुढे जाऊन स्वतः नियम शोधत असेल, तर त्याला कळलं असं का म्हणू नये? मी ज्या लेखावर अडलो होतो, तो नेमका त्याविषयी होता. २०२२ साली ओपनएआय या, चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीतल्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. एका लहानशा कृत्रिम न्यूरल नेटवर्कला, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून बेतलेल्या, उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी रचनेला, त्यांनी घड्याळाच्या जातीचं गणित दिलं. घड्याळात ९ वाजल्यानंतर ५ तासांनी १४ नाही, २ वाजतात, तसं. सगळ्या बेरजांपैकी काही शिकवायच्या, उरलेल्या परीक्षेसाठी लपवून ठेवायच्या. शिकवलेल्या बेरजा यंत्राने भराभर पाठ केल्या आणि त्यांत पैकीच्या पैकी मिळवू लागलं. न पाहिलेल्या बेरजांमध्ये मात्र सपशेल नापास. एरवी इथे प्रशिक्षण थांबवतात. पण ते चालूच ठेवलं, तेव्हा कितीतरी काळ काहीच घडलं नाही आणि मग न पाहिलेल्या बेरजांचीही उत्तरं अचानक बरोबर यायला लागली. संशोधकांनी या घटनेला हाइनलाइनच्या शब्दावरून ‘ग्रॉकिंग’ असं नाव दिलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या काही संशोधकांनी असंच एक नेटवर्क आतून तपासलं, तेव्हा दिसलं की ते संख्या जणू वर्तुळावर मांडून, फिरवून बेरीज करत होतं. त्रिकोणमितीची सूत्रं त्याला कुणी शिकवली नव्हती.

हे वाचलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. यंत्र केवळ घोकंपट्टी करतं, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना हे उत्तर आहे. आणि घोकंपट्टीलाच नावं ठेवणाऱ्यांनाही आहे. आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. त्या पाढ्यांत वाढलेली माणसं पुढे बाजारात उभ्या उभ्या हिशेब करत, कारण पाठ केलेलं कधीतरी आत जाऊन नियम बनलेलं असे. पाठांतर आणि समज एकाच वाटेवरचे दोन मुक्काम असू शकतात, असं हा प्रयोग सुचवतो.

तरीही तिथे ‘कळलं’ म्हणायला मी तयार नाही. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूची गोष्ट आहे. बारा वर्षं वेद शिकून, चोविसाव्या वर्षी तो ताठ मानेने घरी परततो. त्याचा बाप, उद्दालक, त्याला पंधरा दिवस अन्नाशिवाय राहायला सांगतो, पाणी हवं तेवढं पी म्हणतो. सोळाव्या दिवशी ऋचा म्हण म्हटल्यावर मुलाला एकही आठवत नाही. जेवल्यावर सगळ्या परत येतात. मन अन्नाचं बनलेलं आहे, असं बाप त्याला सांगतो. मला या गोष्टीतलं तत्त्वज्ञान जेवढं महत्त्वाचं वाटतं, तेवढीच तिच्यातली उपाशी मुलाची गोंधळलेली अवस्था. ज्ञान ज्याचं असतं, त्याला भूक असते, ताठा असतो, विसरल्याची शरम असते. बारा वर्षं पाठ असलेलं त्याला कळलं, ते तो स्वतः त्यात गुंतला तेव्हा. बेरजा करणाऱ्या नेटवर्कला नियम गवसला, हे मी मोठ्या कौतुकाने म्हणेन. पण त्या नियमाने त्याचं काय झालं, हा प्रश्न तिथे लागूच होत नाही आणि ‘कळणं’ हे क्रियापद नेमका तोच प्रश्न सोबत घेऊन येतं. उद्या अशी यंत्रं झाली की ज्यांच्याबाबत तो प्रश्न खरोखर विचारता येईल, तर मी माझं मत बदलेन. आज ते क्रियापद आगाऊ देऊन ठेवायचं कारण मला दिसत नाही.

शब्दाचा पुढचा प्रवासही बघण्यासारखा आहे. साठच्या दशकातल्या अमेरिकी तरुणाईने तो उचलला, मग संगणकवाल्यांनी. एखादी प्रणाली नुसती चालवता येणं वेगळं आणि ती ‘ग्रॉक’ होणं वेगळं, असं प्रोग्रामर मंडळी म्हणू लागली. अर्थ पातळ झाला होता, पण जाणणारा माणूस अजून शब्दाच्या आत होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये मस्क यांच्या एक्सएआय कंपनीने आपल्या चॅटबॉटचं नावच ‘ग्रॉक’ ठेवलं. याच उच्चाराची, शेवटचं अक्षर वेगळं असलेली एक चिप बनवणारी कंपनी २०१६ पासून होती. तिने जाहीर नाराजी व्यक्त केली. तो वाद दोन कंपन्यांचा होता. माझी नाराजी वेगळी आहे. जी गोष्ट माणसाच्या बाबतीत कधीतरी, कष्टाने, नशिबाने घडते, तिचं नाव एका उत्पादनाला दिलं गेलं आणि ते उत्पादन ती गोष्ट करतं असं नावातच गृहीत धरलं गेलं.

त्याचा परिणाम रोज दिसतो. समाजमाध्यमावर कुणी बातमी टाकली की खाली लोक लिहितात, ‘ग्रॉक, हे खरं आहे का?’ मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत हे हजारोंनी विचारलं. त्या वेळी सुदानमधल्या खार्टुम विमानतळाचं जुनं चित्रण या चॅटबॉटने पाकिस्तानातल्या नूर खान हवाई तळावरच्या क्षेपणास्त्र हल्ल्याचं म्हणून सांगितलं. युद्धाच्या दिवसांत अशा एका उत्तराने काय होऊ शकतं, हे सांगायला नको. दोष एकाच यंत्राचाही नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. या प्रकरणातला एक तपशील मला विसरता येत नाही. हे निवाडे खरे आहेत का, असं त्यांच्यापैकी एकाने यंत्रालाच विचारलं होतं. यंत्र हो म्हणालं होतं.

शिकलेला, अनुभवी वकील असा प्रश्न यंत्राला का विचारतो? कारण ‘याला कळतं’ असं त्याने मनात मान्य केलेलं असतं. ज्याला कळतं त्याला आपण ‘कशावरून?’ असं विचारत नाही. आपल्या भाषेतला हा एक शब्द, ‘कशावरून’, मला अतिशय मोलाचा वाटतो. रामदासांनी दासबोधात प्रचीतीशिवायच्या बोलण्याला कंटाळवाणं म्हटलं, ते याच शब्दाच्या बळावर. प्रचीती कुणाची, हे विचारता आलं पाहिजे. चॅटबॉटच्या वाक्यामागे कुणाची प्रचीती आहे? माहितीच्या डोंगरातून जुळवलेलं ते वाक्य अनेकदा बरोबर असतं, उपयोगी असतं, मी स्वतः रोज वापरतो. पण त्याच्यामागे कुणी उभं नसतं, म्हणून ‘कशावरून?’ हा प्रश्न आपल्यालाच उभा करावा लागतो. क्रियापद चुकलं की तो प्रश्नच गळून पडतो.

इथे आपल्या शाळांविषयी बोललं पाहिजे, कारण हा शब्द स्वस्त करण्याचं काम आपण यंत्रं येण्याच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. मुलाला स्वतःला काय वाटलं, ते त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. हेतू अतिशय चांगला. पण बाजारात स्वमताची तयार उत्तरं मिळतात, शिकवणीत ती उतरवून घेतात आणि परीक्षेत तीच मुलं ओळीन् ओळ लिहितात. माझ्या भाचीला तिच्या शिकवणीत सांगितलं होतं की स्वतःचं काही लिहू नकोस, गुण जातील. ती हे मला अगदी सहज सांगत होती, त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. कविता तिला आवडली होती की नाही, हे मी विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मामा, ते विचारत नाहीत.’

या मुलीच्या हाती आता चॅटबॉट आला आहे. तो तिला स्वमत लिहून देईल, गाइडपेक्षा सुबक मराठीत. आपण तिला काय सांगणार? यंत्राला कविता कळते असं आपणच घरात म्हणत असलो, तर तिने कशासाठी त्या कवितेपाशी थांबावं? उत्तर मिळालं म्हणजे कळलं, हेच ती शिकेल. म्हणून शब्दांचा हा हट्ट मला व्याकरणाची हौस वाटत नाही. मुलांसमोर आपण रोज कोणतं क्रियापद वापरतो, यावर त्यांची स्वतःकडून असलेली अपेक्षा ठरते.

मराठीत पर्याय कमी नाहीत. यंत्र ओळखतं, जुळवतं, रचतं, मांडतं, अंदाज बांधतं, शोधून काढतं. चेहरा ओळखणाऱ्या यंत्राला ‘ओळखतं’ म्हणायला माझी काही हरकत नाही, तिथे काम आणि शब्द यांचं माप जुळतं. भाषांतर करणाऱ्या यंत्राने वाक्य ‘दुसऱ्या भाषेत मांडलं’ असं म्हणता येईल, मजकुराचा ‘सारांश काढला’ म्हणता येईल. कळणं, उमगणं, पचनी पडणं ही क्रियापदं मात्र ज्याला वळणं शक्य आहे त्याच्यासाठी राखून ठेवावीत. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांत मथळे देणाऱ्यांनी एवढं सांभाळलं तरी पुष्कळ होईल, कारण क्रियापदांचे नवे वापर बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा तिथूनच पडतात.

माझ्या त्या लेखाचं पुढे काय झालं ते सांगतो. संपादकांनी मथळा सुचवला होता, ‘यंत्राला गणित कळलं!’ मी फोन करून नको म्हणालो. ते म्हणाले, वाचकाला पटकन भिडेल असा दुसरा कोणता शब्द आहे तुमच्याकडे? मी थोडा वेळ मागून घेतला आणि संध्याकाळी ‘यंत्राला नियम गवसला’ असं कळवलं. अंक आला तेव्हा मथळा तोच होता. भाचीने तो वाचला आणि विचारलं, ‘मामा, गवसला म्हणजे कळलाच ना?’ मी तिला म्हटलं, बस, सांगतो. आणि आधी दोघांसाठी पाणी आणायला उठलो.